पाच कोटी वर्षांची राळ

राळ आपल्याकडे तीन वाटांनी येते. निखाऱ्यावर टाकायला धूप म्हणून येते, ही पहिली वाट. दुसरी रंगभूमीची. जुन्या खेळांत राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर मूठभर राळ फेकीत आणि भपकन जाळ उठे. ‘राळ उडवणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो, तो जाळ मात्र आता फारसा कोणी पाहिलेला नसतो. तिसरी वाट आमच्या धंद्याची. सारंगी, दिलरुबा, व्हायोलिन या वाद्यांचा गज राळेवाचून मुका असतो. गजाचे केस कोरडेच तारेवरून ओढले तर ते नुसते घसरतात. राळेची पूड लागली म्हणजे केस तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्या धरसोडीतून स्वर निघतो. माझे वडील दरबारच्या नोकरीत दिलरुबा वाजवीत. त्यांच्या वाद्याच्या खोळीत मधाच्या रंगाचा राळेचा खडा नेहमी असे, आणि तो आम्हा मुलांच्या हाती लागू नये म्हणून वाद्यापेक्षाही अधिक जपून ठेवलेला असे.

गजाची राळ चिडाच्या झाडाची असते आणि धुपाची राळ बहुधा सालाच्या झाडाची. दोन्ही झाडे एकमेकांपासून फार दूरच्या कुळांतली, पण युक्ती एकच. सालीला जखम झाली, भुंग्याने खोड पोखरले, फांदी मोडली, की झाड हा चिकट पदार्थ बाहेर सोडते आणि जखम बुजवते. डिंक आणि राळ यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. डिंक पाण्यात विरघळतो. बाभळीचा डिंक आपण भिजवून खातो. राळ पाण्याला दाद देत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचे सारे सोपे आहे, कारण पाण्याला दाद न देणारी वस्तूच चिखलात कोट्यवधी वर्षे टिकू शकते.

अशी टिकलेली राळ म्हणजे अंबर. हा शब्द जरा फसवा आहे. अत्तरवाल्यांचे अंबर हे देवमाशाच्या पोटातून येणारे सुगंधी द्रव्य. अरबीतल्या त्या नावावरूनच युरोपियनांनी या दगडासारख्या राळेलाही तेच नाव दिले, आणि दोन वस्तू एका नावाखाली कायमच्या नांदू लागल्या. संस्कृतात तिला तृणमणी म्हणतात, फारशीत कहरुबा, म्हणजे गवताची काडी पळवणारा. दोन्ही नावांत एकच निरीक्षण आहे. अंबर लोकरीवर घासले की ते वाळक्या काडीला ओढून घेते. (कहरुबा हे नाव कानाला कितीही जवळचे वाटले तरी आमच्या केरव्याशी त्याचे नाते लावू नये.) ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. विजेला इंग्रजीत जे नाव मिळाले ते याच शब्दावरून.

आत अडकलेले जीव माणसाला फार पूर्वी दिसले. रोमन कवी मार्शल याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात अंबरात सापडलेल्या मधमाशीवर आणि मुंगीवर चुटके लिहिले. इतिहासकार टॅसिटस बाल्टिक समुद्राच्या काठी अंबर वेचणाऱ्या लोकांविषयी लिहितो, आणि त्याच्या आत सरपटणारे व उडणारे जीव दिसतात म्हणून हा झाडाचा रसच असला पाहिजे असा निष्कर्ष काढतो. जवळ साधे भिंगही नसताना केवढा हा नेमका तर्क!

घडते ते असे. ओल्या राळेवर एखादे चिलट बसते. पाय अडकतात. सुटायची धडपड जितकी करावी तितके ते रुतत जाते. त्यावर राळेचा दुसरा ओघळ येतो आणि ते आत बंद होते. राळेतली उडून जाणारी तेले जीवजंतूंना मारक असतात, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते. खडा पडतो, पाण्याबरोबर वाहत दलदलीत जातो, वर गाळ साचतो. मग हजारो, लाखो वर्षे राळेचे सूक्ष्म कण एकमेकांत गुंफत जातात आणि ती कठीण होत जाते. अर्धवट कठीण झालेल्या अवस्थेला कोपल म्हणतात, त्यापुढे अंबर. आतल्या किड्याच्या पंखांवरची शिरांची जाळी, पायांवरचे केस, डोळ्यांचे पैलू, सगळे दिसते. मात्र शरीराच्या आत पुष्कळदा पोकळीच उरलेली असते, विशेषतः बाल्टिक अंबरात. बाहेरचा साचा शाबूत, आतला मुक्कामकरी गेलेला.

जगात अशा खाणी बऱ्याच आहेत. बाल्टिक किनाऱ्याचे अंबर साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांचे, डोमिनिकन प्रजासत्ताकातले दीड-दोन कोटींचे, ब्रह्मदेशातले सुमारे ९.९ कोटी वर्षांचे, लेबनॉनचे त्याहूनही जुने. २०१२ साली इटलीतल्या डोलोमाईट पर्वतातल्या बारीक थेंबांत दोन गोचिडवर्गी सूक्ष्म जीव आणि एका माशीचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. ते २३ कोटी वर्षांपूर्वीचे. इतके जुने संधिपाद जीव अंबरात त्याआधी मिळाले नव्हते.

आता एक गोष्ट, जी गाण्याच्या माणसाला चटकन पटेल. राळ निवड करते. तिच्यात अडकतात ते मुख्यतः एक-दोन मिलिमीटरचे, फार तर काही मिलिमीटरचे जीव. मोठा भुंगा ताकद लावून सुटतो. जो खोडाच्या आसपास वावरत नाही तो अडकणारच नाही. तेव्हा अंबर हे रानाचे छायाचित्र नव्हे. रानातल्या काही विशिष्ट रहिवाशांची ती हजेरी आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट अशीच आहे, आणि योगायोग असा की त्या तबकड्याही लाखेच्या, म्हणजे एका किड्याने स्रवलेल्या राळेच्याच असत. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा. बडोद्याच्या दरबारात काही काळ असलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः अशा तबकड्यांतून. ते ऐकून आजचा एखादा विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, जुने लोक ख्याल इतका थोडका गात होते का?” त्याला सांगावे लागते की बाबा, तबकडीत जेवढे मावले तेवढे तू ऐकलेस. मैफलीत ते तासभर काय करीत होते ते तिच्यात नाही. अंबर वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला हाच विवेक प्रत्येक खड्यापाशी ठेवावा लागतो. अमुक जीव सापडला, म्हणजे तो होता, एवढे खात्रीने म्हणता येते. सापडला नाही म्हणून तो नव्हता, असे म्हणता येत नाही.

एवढी तयारी झाल्यावर आता आपल्या दाराशी येऊ. बडोद्याहून दक्षिणेला, नर्मदा आणि तापी यांच्या मधल्या मुलखात, सुरतेच्या ईशान्येस तीस-चाळीस किलोमीटरवर वस्तान आणि तडकेश्वर येथे लिग्नाईटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणी खोदल्या गेल्या. त्या कोळशाच्या थरांत आणि त्यांच्या आगेमागे असलेल्या चिकणमातीत पिवळे-तपकिरी खडे मिळतात. शास्त्रज्ञ त्यांना खंबायतचे अंबर म्हणतात, कारण हा सारा प्रदेश भूस्तरशास्त्रात खंबायतच्या खोऱ्यात मोडतो. त्याचे वय पाच ते साडेपाच कोटी वर्षे.

हे वय का महत्त्वाचे, ते समजायला त्या काळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. हिंदुस्थानचा भूभाग पूर्वी आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला आणि एकटाच उत्तरेकडे निघाला. वेग भूगर्भाच्या हिशेबाने भरधाव, ऐन भरात वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. वाटेत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या पोटातून लाव्हा उसळला. सह्याद्रीचा काळा फत्तर तो हाच. खंबायतच्या खोऱ्याचा तळही त्याच फत्तराचा आहे. महाराष्ट्रातले किल्ले ज्या दगडावर उभे आहेत त्याच्या दूरच्या पसाऱ्यावर पुढे दलदल साचली, रान वाढले, आणि त्या रानाचा हा कोळसा झाला. मग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भूभाग आशियाला भिडला आणि हिमालय वर येऊ लागला. नेमका केव्हा भिडला, एकदाच की टप्प्याटप्प्याने, याविषयी भूस्तरशास्त्रज्ञांत वाद आहेत, ते सोडून देऊ. आपल्यापुरते एवढेच की वस्तानची राळ झाडावरून ओघळली ती या भेटीच्या ऐन आगेमागे.

आता विचार करा. एखादे बेट साडेतीन-चार कोटी वर्षे समुद्रातून एकटे तरंगत आले आहे. त्याच्यावरचे किडे कसे असावेत? अर्थात इतरांहून वेगळे. मादागास्करात लेमूर, ऑस्ट्रेलियात कांगारू, तसे इथे आपलेच खास काहीतरी तयार झालेले असले पाहिजे. अपेक्षा ती होती, आणि ती रास्त होती.

२०१० साली अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीच्या कार्यवृत्तात या अंबराचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट, लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे हुकम सिंह, गढवाल विद्यापीठाचे राजेंद्र राणा, न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. सुमारे १५० किलो अंबर गोळा करून त्यांनी चाळले. त्यात किडे, कोळी अशा संधिपाद जीवांचे ७०० नमुने निघाले, ५५ कुळांतले, आणि त्यांत सुमारे १०० जाती ओळखता आल्या. मधमाशीच्या गोतातल्या माश्या होत्या, वाळवी होती, आजच्या उपकुळांतल्या मुंग्या होत्या. वसाहत करून राहणारे हे जीव तेव्हाच इतके रुळलेले होते.

पण या किड्यांची सोयरीक कोणाशी लागली? काहींची उत्तर युरोपच्या त्याच युगातल्या किड्यांशी. काहींची आज ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूला राहणाऱ्यांशी. काहींची तर थेट उष्ण अमेरिकेतल्यांशी. एकट्या बेटावरचे, दुसरीकडे कुठेच नसलेले असे अपेक्षेइतके काही निघेना. अभ्यासकांना म्हणावे लागले की आशियाला भिडण्याच्या सुमाराचा हिंदुस्थान जीवसृष्टीच्या दृष्टीने फारसा एकाकी दिसत नाही.

हे वाचले तेव्हा मला घराण्यांचे वाद आठवले. एखाद्या घराण्याचे अभिमानी सांगतात की आमच्या गायकीवर कुणाची सावली पडलेली नाही, आमचे वडीलधारे कुणाचे ऐकतच नसत. मग कुठूनतरी एक जुनी तबकडी निघते, आणि त्यांच्याच बुजुर्गाच्या तानेत शेजारच्या घराण्याची हरकत स्पष्ट ऐकू येते. कुणी चोरली असे नव्हे. लोक एकमेकांचे ऐकत होते, भिंती आपण मागाहून बांधल्या. भूखंडांच्या नकाशावर समुद्राची निळी रेघ काढली की आपल्याला वाटते येणेजाणे संपले. चिलटाला ती रेघ दिसत नाही.

येणेजाणे झाले तरी कसे? २०१७ मध्ये फ्राउके स्टेब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अंबरातल्या एका गटाकडे बारकाईने पाहिले. गट चावऱ्या चिलटांचा. संध्याकाळी तलावाकाठी बसले की कानाशी येऊन छळतात त्यांच्यातलाच. त्यांनी ती बाल्टिक अंबरातल्या आणि ईशान्य चीनमधल्या फुशुनच्या अंबरातल्या चिलटांशी ताडून पाहिली, आणि सारखेपणा ठळक निघाला. त्यांचे अनुमान असे की हिंदुस्थान आणि उत्तरेकडचे भूभाग यांच्यामध्ये बेटांची माळ असावी, आणि ओढा ओलांडताना आपण दगडादगडावर पाय देत जातो तशी ही चिलटे बेटाबेटावरून पिढ्यापिढ्यांनी सरकली असावीत. बेटांची माळ हे अनुमान आहे, चिलटांचा सारखेपणा ही वस्तुस्थिती. दोहोंची गल्लत करू नये.

स्वतः ही राळ कुणाची, हाही प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला सगळ्यांत गोड वाटते. रासायनिक परीक्षणात ती निघाली सालाच्या कुळातली. म्हणजे धुपाटण्यातली राळ आणि वस्तानच्या कोळशातला खडा एकाच गोताचे. त्याच कुळाचे जीवाश्म झालेले लाकूडही त्या खाणीत मिळाले. आज त्या बाजूला पाहाल तर पानगळीचा साग. सालाच्या कुळाची खरी भरभराट बोर्निओ-मलायाच्या सदाहरित रानात. पाच कोटी वर्षांपूर्वी दक्षिण गुजरात विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ होता, पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती, आणि समुद्राकाठच्या त्या दलदलीवर तसलेच घनदाट रान उभे होते. मुंबईच्या आय.आय.टी.तील सूर्येंदु दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या राळेतल्या रसायनांच्या आधारे मांडले की हे वृक्षकुळ हिंदुस्थानातून आशियात गेले. मलायातल्या रानांची शोभा असलेले वृक्ष आपल्या तरंगत्या भूमीवर बसून तिकडे पोचले! किडे बाहेरून आत येत होते आणि झाडे आतून बाहेर जात होती, असा दुहेरी व्यवहार चालला होता म्हणायचे.

या कुळाच्या राळेची आणखी एक खुबी आहे. तिचे कण बाल्टिक अंबरासारखे पक्के गुंफले जात नाहीत. दामर या नावाने हिच्याच जातीची राळ बाजारात मिळते. चित्रकार मंडळी ती टर्पेन्टाइनमध्ये विरघळवून तैलचित्रांवर रोगण चढवतात. पाच कोटी वर्षांनंतरही खंबायतच्या अंबराने हा स्वभाव सोडलेला नाही. योग्य द्रावकात ते संपूर्ण विरघळते, आणि आतला किडा अख्खा मोकळा होतो. बाल्टिक अंबरातला जीव काचेआडून पाहायचा, हा हातात घेऊन पाहायचा. अर्थात हातात म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आणि बारीक कुंचल्याच्या टोकावर. इतक्या काळानंतर एखादी मुंगी आपल्या बंदिवासातून अशी बाहेर यावी, ही कल्पना मला सिनेमातल्या कुठल्याही कल्पनेपेक्षा अद्भुत वाटते.

सिनेमाचे नाव निघाले म्हणून दोन शब्द. मायकेल क्राइटन यांची कादंबरी १९९० ची, तिच्यावरचा चित्रपट १९९३ चा. अंबरातल्या डासाच्या पोटातले रक्त काढून त्यातून डायनोसॉर उभा करायचा, ही त्यांतली मध्यवर्ती युक्ती. त्या सुमारास अंबरातल्या किड्यांची आनुवंशिक द्रव्ये मिळाल्याचे दावेही झाले, पण इतरांना ते पडताळता आले नाहीत. २०१३ मध्ये मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी कोपलमधल्या, म्हणजे फार तर काही हजार वर्षांच्या, माश्या तपासल्या, तर त्यांतही काही हाती लागले नाही. आजवर वाचता आलेले सर्वांत जुने आनुवंशिक द्रव्य सुमारे वीस लाख वर्षांचे, २०२२ साली जाहीर झालेले, आणि तेही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतले. राळ रूप राखते, बीज राखत नाही.

रूप मात्र ती किती राखते! आमच्या विषयाच्या अगदी जवळचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. बाल्टिक अंबरात, सुमारे ४.४ कोटी वर्षांपूर्वीचा, रातकिड्यांच्या नात्यातला एक लांब शिंगांचा नाकतोडा सापडलेला आहे. या जातीचे नर पंखावर पंख घासून गातात. एका पंखावर बारीक दात्यांची ओळ असते, दुसऱ्यावर कड. कड दात्यांवरून ओढली की स्वर. गज आणि तार म्हणा ना. आणि यांचे कान असतात पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. इंग्लंडातील लिंकन विद्यापीठाचे चार्ली वुड्रो, फर्नांडो मोंतेआलेग्रे आणि सहकारी यांनी खडा न फोडता क्ष-किरणांनी या किड्याच्या आतले पाहिले, तो कानाची रचना जवळपास जशीच्या तशी. पंखांवरून त्याचा स्वर आणि कानांवरून त्याची श्रवणशक्ती त्यांनी गणिताने काढली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. स्वर निघाला सेकंदाला सुमारे ३२,००० आंदोलनांचा.

हा आकडा मनात नीट बसावा म्हणून सांगतो. आपण तंबोरा मिळवतो ती आंदोलने शे-दोनशेंच्या घरातली. साडेतीन सप्तकांच्या पेटीची अगदी शेवटची पट्टीही दोन हजारांच्या आतच थांबते. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत पोचतो, आमच्या वयाला तेवढाही नाही. म्हणजे त्या नाकतोड्याचे गाणे तेव्हा आपण तिथे असतो तरी आपल्याला ऐकू आले नसते. आपल्या दृष्टीने ते रान त्या बाजूने शांतच.

मग इतक्या वरच्या पट्टीत गायचे कशाला? जोडीदाराला जवळ बोलवायचे, पण फार दूर ऐकू जाऊ द्यायचे नाही, कारण उंच स्वर हवेत लवकर विरतो. शिवाय त्याचा कान स्वतःच्या गाण्याहूनही वरचे आवाज टिपत होता, आणि त्या पट्टीत हाक देते ते वटवाघूळ. आवाज फेकून, त्याचा प्रतिध्वनी घेऊन किडे पकडणारा हा शिकारी. त्याची चाहूल ज्याला लागेल तो जगेल. एकाच कानाने सखी आणि वैरी दोघांचेही ऐकायचे, अशी ही अडचणीची मैफल. वटवाघळे तेव्हा होती का, अशी शंका कुणाला येईल. होती. त्याआधीही होती, आणि त्यांचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या वस्तानचाच आहे. ज्या खाणीत ही राळ मिळाली, तिथल्याच थरांतून वटवाघळांच्या सात जातींचे अवशेष २००७ साली वर्णन झाले. गायक बाल्टिकचा आणि वैरी सुरतेचा, असे मात्र कुणी समजू नये. दोहोंमध्ये लाखो वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर आहे. तो सामना त्या युगात सुरू झालेला होता, एवढेच यावरून दिसते.

आता जरा कडू भाग. डिसेंबर २०१६ मध्ये शिंग लिदा या चिनी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खडा जगापुढे ठेवला. त्यात चिमणीएवढ्या डायनोसॉरच्या शेपटीचा तुकडा होता, पिसांसकट. वरून तांबूस-तपकिरी, खालून फिकट. तो खडा त्यांना २०१५ साली ब्रह्मदेशातल्या म्यितक्यिना गावच्या बाजारात मिळाला. विकणाऱ्याला ती एखादी वनस्पती वाटली होती. दागिन्यांच्या बाजारात अशा खड्यांना गिऱ्हाईक असते. हे खडे काचिन प्रांतातल्या हुकवांग खोऱ्यातले, आणि त्या खोऱ्यात लष्कर आणि काचिन बंडखोर यांची लढाई. खाणींचा पैसा बंदुकांना पोचतो, खाणीत उतरणारे जिवावर उदार होऊन उतरतात. २०१७ मध्ये लष्कराने खाणींचा भाग ताब्यात घेतला. २०२० साली पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नियतकालिकांना विनंती केली की त्यानंतर बाहेर आलेल्या ब्रह्मी अंबरावरचे लेख छापू नयेत. काही मानतात, काही मानत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर झळकलेला जगातला सर्वांत लहान डायनोसॉरवंशी पक्षी जुलैत मागे घ्यावा लागला, नवा नमुना पाहिल्यावर तो सरडावर्गी प्राणी असल्याचे दिसत होते. चूक विज्ञानात होतच असते आणि तिथे ती उघड दुरुस्तही होते, त्याचे एवढे नाही. पण ज्या खड्यापायी माणसाचा जीव जातो तो खडा भिंगाखाली धरून किड्याचे पाय मोजणे, हे माझ्या मनाला काही केल्या जमत नाही.

आपल्या खाणीत लढाई नाही. आपल्याकडची गोष्ट निराळी आणि फार साधी. लिग्नाईट काढतात ते जाळायला. तो वीजघराच्या भट्टीत जातो, त्याची वीज होते, आणि त्या विजेवर आमच्या वर्गातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो. कोळशाच्या थरातली राळ वेगळी काढायला खाणीवर कुणी बसलेले नसते, आणि राळ तर कोळशापेक्षाही चटकन पेटते. शास्त्रज्ञ येतात तेवढ्या दिवसांत जे वेचले जाते ते लखनौला जाते, जर्मनीला जाते, डबीत बंद होते, त्याला क्रमांक मिळतो. बाकीचे यंत्राच्या फाळाखाली, ट्रकमध्ये आणि भट्टीत. खाण पुढे सरकते तसा मागचा कापलेला थर मातीखाली पुरला जातो. ही कुणाची लबाडी नव्हे. कोळसा हा कोळशाच्याच भावाने मोजला जातो. १५० किलो राळेतून जर १०० जाती निघाल्या, तर ज्या टनांचा धूर झाला त्यांत काय होते, हे सांगणे आता कुणाच्याही हाती नाही. खाणीत फावडे मारणारा माणूस ते पिवळे खडे रोज पाहतो. ते बाजूला टाकायला त्याला कुणी सांगितले, आणि टाकलेले उचलून न्यायला आठवड्यातून एकदा कुणी आले, तर त्याला फार खर्च येईल असे मला वाटत नाही. जवळच्या शाळेतली पोरेही हे काम हौसेने करतील.